शॅमरॉक कोणता?

इंग्रजी वाङ्मयाचें अध्ययन करणाऱ्या आमच्या वाचकांस ‘शॅमरॉक’ हा शब्द अपरिचित नसेल. इंग्लंडचा गुलाब, स्कॉटलंडचें थिसल व आयर्लंडचा शॅमरॉक ही त्रयी शाळेंतल्या क्रमिक पुस्तकापासून त्यांच्या कानांवर आलेली असते. परंतु शॅमरॉक म्हणजे नेमकी कोणती वनस्पति असें विचारल्यास कोशाकडे धांव घ्यावी लागते, आणि कोशकार बहुधा ‘तीन पानांची एक लहान वनस्पति’ एवढ्यावर आपली बोळवण करतो. आतां केवळ तीन पानांवरून वनस्पति ओळखूं लागल्यास बेल, पळस, मेथी, आंबुटी हीं सारींच शॅमरॉक ठरतील. ‘पळसाला पानें तीनच’ ही म्हण आपल्याकडे निराळ्याच अर्थानें रूढ आहे. पण कोशकारांनीं ती अक्षरशः मनावर घेतली असावी असें कधीं कधीं वाटतें.

हा प्रश्न वनस्पतिशास्त्रज्ञांचा आहे, वाङ्मयाच्या टीकाकारानें त्यांत कां पडावें, अशी शंका कोणी घेईल. तिला आमचें उत्तर असें कीं, या वादांतील बराचसा पुरावा शेतांतला नसून पुस्तकांतला आहे. कोणी काय लिहिलें, तें कशासाठीं लिहिलें आणि लिहिणाऱ्यानें स्वतः पाहिलें कीं दुसऱ्याचें उतरून घेतलें, यावर सारा निकाल अवलंबून आहे. असा पुरावा तोलणें हें तर टीकाकाराचेंच काम. शिवाय या वादाच्या मुळाशीं देशी आणि परकें यांविषयींची एक समजूत दडलेली आहे, व ती समजूत आपल्याकडेही विद्वानांच्या लेखणींतून वारंवार डोकावत असते. म्हणून जेम्स एबेनेझर बिचेनो या इंग्रज विद्वानानें १८३० च्या सुमारास या विषयावर जो निबंध लिहिला त्याचें परीक्षण करण्याचें आम्हीं योजिलें आहे. बिचेनो हा सामान्य मनुष्य नव्हता. लंडनच्या लिनियन सोसायटीचा तो कांहीं वर्षें चिटणीस होता, आणि आयर्लंडच्या आर्थिक स्थितीवर त्यानें एक पुस्तकही लिहिलें होतें. त्याची चूक ही अडाण्याची चूक नाहीं, आणि म्हणूनच ती पाहण्याजोगी आहे.

प्रथम उमेदवारांची ओळख करून घेऊं. क्लोव्हर या नांवाखालीं येणाऱ्या वनस्पतींचें शास्त्रीय नांव ट्रायफोलियम, म्हणजे त्रिदल. (क्लोव्हर आणि क्लोव्ह यांची गल्लत करून कुरणांत लवंगा पिकविणारे परीक्षार्थी आम्हांस दरवर्षीं भेटतात, त्यांच्यासाठीं हें सांगणें अवश्य आहे.) वाटाणा, हरभरा व मेथी यांच्याच कुळांतलीं हीं झाडें, म्हणून फूल पतंगाच्या आकाराचें व फळ म्हणजे शेंग. त्यांच्या जगांत अडीचशेंच्या आसपास जाती आहेत. गुरांच्या चाऱ्यासाठीं आपल्याकडे पेरतात तें बरसीम ही त्यांपैकींच एक.

आयर्लंडच्या कुरणांत ज्या जाती नेहमीं आढळतात त्यांत पांढरा क्लोव्हर पहिला. हा जमिनीवर सरपटत जातो, आणि त्याचें पेर मातीला लागेल तेथें मूळ धरतें. पानाचा देंठ लांब असून दलांवर बहुधा फिक्या रंगाची चंद्रकोर उमटलेली असते. फुलांचा गेंद पानें नसलेल्या दांड्यावर एकटा उभा राहतो, व खालचीं फुलें जसजशीं सुकतात तसतशीं तीं मान टाकून लोंबूं लागतात. तांबडा क्लोव्हर उभा वाढतो. त्याच्या अंगावर लव असते, आणि त्याच्या जांभळट तांबड्या गेंदाला स्वतःचा दांडा जवळजवळ नसल्यामुळें तो वरच्या पानांच्या मांडीवर बसल्यासारखा दिसतो. तिसरा बारीक पिवळा क्लोव्हर. हा एका वर्षाचा धनी, काडीसारखा नाजूक, आणि त्याच्या गेंदांत फुलें तीं किती, तर बहुधा दहापंधरा! मात्र हीं फुलें सुकल्यावर गळत नाहींत. तपकिरी होऊन इवल्याशा शेंगेवर पांघरूण घालतात. याला शास्त्रांत ट्रायफोलियम ड्यूबियम, म्हणजे ‘संशयित त्रिदल’ म्हणतात. १७९४ सालीं हें नांव देणाऱ्या सिबथॉर्पला पुढें होणाऱ्या वादाची कल्पना असती तरी त्याला याहून समर्पक नांव सुचलें नसतें. या पिवळ्या क्लोव्हरशीं हुबेहुब जुळणारी आणखी एक वनस्पति आहे, ती काळा मेडिक. ती क्लोव्हर नव्हे. आपल्या लसूणघासाची ती भावकी. तिच्या प्रत्येक दलाच्या टोंकाला सुईच्या अग्राएवढें टोंक असतें, पानावर बारीक लव असते, आणि शेंग पिकली कीं काळी पडून उघडी दिसते. हीं तीन चिन्हें ज्याला ठाऊक नाहींत त्यानें या दोघींत निवड करण्याच्या भानगडींत पडूं नये.

परक्या क्लोव्हरांत अल्साइकचें नांव आधीं घेतलें पाहिजे. स्वीडनमधील एका गांवावरून हें नांव आलें. चाऱ्याच्या बियांबरोबर तो आयर्लंडांत आला आणि बांधांवर, रस्त्यांच्या कडेला रानटी होऊन राहिला. दुरून पाहणाराला तो पांढराच क्लोव्हर वाटतो. पण तो पेरांवर मुळें धरीत नाहीं, त्याच्या दलांवर चंद्रकोर नसते, आणि त्याचे गुलाबी झांक असलेले गेंद पानें असलेल्या उभ्या खोडावरून निघतात. लिनियसनें याचें नांव ‘संकरज’ असें ठेविलें, वस्तुतः तो संकर नाहीं. असल्या नांवांना शास्त्रांत एकदां स्थान मिळालें म्हणजे तीं कायमचींच होतात.

शेवटला उमेदवार क्लोव्हरच्या कुळांतलाच नाहीं. इंग्रजींत त्याला वुड सॉरेल म्हणतात; शास्त्रांत ऑक्झॅलिस ॲसेटोसेला. आपल्या अंगणांत, कुंड्यांत आपोआप उगवणाऱ्या आंबुटीची ही सख्खी बहीण. फरक इतकाच कीं आंबुटीचें फूल पिवळें, तर हिचें पांढरें व त्यावर जांभळट शिरा. दलें तीनच, परंतु हृदयाच्या आकाराचीं, टोंकाशीं खांच असलेलीं. आणि चव आंबट. रानाच्या ओलसर सावलींत ती वाढते. बिचेनोचा शॅमरॉक तो हा.

त्याची विचारसरणी अशी. एलिझाबेथच्या काळांतील इंग्रज लेखक सांगतात कीं आयरिश लोक शॅमरॉक खात असत, आणि एक लेखक तर त्याची चव तिखट-आंबट असल्याचें नमूद करतो. क्लोव्हरला आंबटपणा नाहीं, वुड सॉरेलला तो आहे, आणि माणसें ती भाजींत घालीत, कच्चीही खात. शिवाय क्लोव्हर ही आयर्लंडची मूळ वनस्पतिच नव्हे. सतराव्या शतकाच्या मध्याला ती बाहेरून आली व लागवडीमुळें पसरली. मग जी वनस्पति उपरी आहे ती प्राचीन राष्ट्राचें चिन्ह कशी असेल? सबब शॅमरॉक म्हणजे वुड सॉरेल. निबंधाची मांडणी नेटकी आहे, व ती वाचतांना वाचकाला आपण कांहीं गूढ उकलल्याचा आनंद होतो. पहिल्या वाचनांत ती पटल्यास त्यांत आश्चर्य नाहीं.

परंतु त्याच्या युक्तिवादाचा एक एक दगड हलवून पाहूं. क्लोव्हर सतराव्या शतकांत आला, हें विधान कशावर उभें आहे? त्या शतकाच्या मध्याला क्लोव्हरची पेरणी इंग्लंडांत सुरू झाली हें खरें. सर रिचर्ड वेस्टननें फ्लँडर्समधील शेतीची पद्धति पाहून लिहिलेलें पुस्तक १६५० सालीं बाहेर पडलें, आणि १६६३ मध्यें यॅरंटननें क्लोव्हरच्या लागवडीची हिरिरीनें तरफदारी केली. पण पेरणी नवी म्हणून वनस्पति नवी, असा निष्कर्ष काढतां येत नाहीं. उद्यां कोणी जमीन नांगरून करवंदांची बाग लावली तर त्यायोगें करवंद सह्याद्रीला परकें होतें काय? जाति आपोआप आलेली आहे कीं नाहीं, आणि तिचें बीं मनुष्यानें बाहेरून आणून पेरलें कीं नाहीं, हे दोन प्रश्न निराळे आहेत. पांढरा, तांबडा व बारीक पिवळा हे तिन्ही क्लोव्हर आज आयर्लंडच्या वनस्पतिसूचींत देशीच गणले जातात. आणि तरीही तेथल्या पेरलेल्या कुरणांत उगवणारा पांढरा क्लोव्हर पुष्कळदां मुद्दाम निपजविलेल्या वाणाचा असतो. जाति देशी, बीं बाहेरचें! बिचेनोला हा भेद दिसला नाहीं. अल्साइकविषयीं त्यानें असें म्हटलें असतें तर आम्ही मुकाट्यानें मान डोलविली असती.

याहून चमत्कारिक गोष्ट अशी कीं, बिचेनोच्या या कालगणनेला त्याच्याच काळाच्या मागचीं पुस्तकें छेद देतात. जेरार्डचा प्रसिद्ध वनस्पतिग्रंथ १५९७ सालचा. त्यांत कुरणांतील तांबड्यापांढऱ्या त्रिदलांचें वर्णन असून त्यांनाच आयरिश भाषेंत शॅमरॉक म्हणतात असें सांगितलें आहे. सतराव्या शतकाच्या मध्याला आलेल्या पाहुण्याला सोळाव्या शतकांतच घरांतलें नांव कसें मिळालें, याचा उलगडा बिचेनोच्या मताप्रमाणें होत नाहीं.

त्याहीपेक्षां बळकट साक्ष भाषेची आहे, आणि आमच्या मतें बिचेनोच्या निबंधांतील सर्वांत मोठी उणीव हीच कीं त्यानें आयरिश लोकांच्या प्रथेचा निकाल आयरिश भाषेला बोलावल्याशिवाय लाविला. शॅमरॉक हा मूळ आयरिश शब्द. ‘शॅमर’ म्हणजे क्लोव्हर, त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘शॅमरोग’, म्हणजे छोटा क्लोव्हर. आपण रोप या शब्दावरून रोपटें करतों तसें. हा शब्द कांहीं सतराव्या शतकांत घडविलेला नव्हे. आयर्लंडांतील डोंगर, माळ, नद्या यांचीं नांवें कशीं पडलीं हें सांगणारें एक प्राचीन वाङ्मय आहे. आपल्याकडील स्थलमाहात्म्यांच्या जातीचें. त्याचे पाठ बाराव्या शतकाच्या हस्तलिखितांतही आढळतात, आणि त्यांत माळाला ‘फुललेल्या क्लोव्हरचा’ अशा अर्थाचें विशेषण लाविलेलें आहे. शेजारच्या वेल्समध्यें पाहिलें तर ओल्वेन नांवाच्या सुंदरीची जुनी कथा मिळते; ती जेथें पाऊल ठेवी तेथें चार पांढरीं त्रिदलें उगवत. माळरानावरील क्लोव्हर ज्यांच्या काव्यांत असा रुजलेला आहे त्यांना तो एका फ्लेमिश शेतीच्या पुस्तकानें दिला असें मानणें धाडसाचें होय.

आतां वुड सॉरेलला आयरिश भाषेंत काय म्हणतात तें पाहावें. तिचें नांव ‘शॅमसोग’. शॅमरोग आणि शॅमसोग! दोन शब्दांत एका व्यंजनाचा फरक. परदेशी कानाला हा फरक कितपत लागला असेल याचा विचार वाचकांनींच करावा. पण ज्यांची ती भाषा आहे त्यांनीं मात्र या दोन वनस्पतींना दोन स्वतंत्र नांवें दिलेलीं आहेत. अर्थात् त्यांच्या मनांत घोटाळा नव्हता. आंबट चवीचा उल्लेख कोठून आला याचें एक सरळ उत्तर आम्हांस येथें दिसतें. ऐकणाराने एक नांव ऐकलें, खाणाराने दुसरें पान खाल्लें, आणि पुस्तकांत दोन्ही मिळून एक झालें. हा आमचा तर्क आहे, यापेक्षां अधिक त्याला महत्त्व देऊं नये.

येथपर्यंतचे आक्षेप अभ्यासाच्या उणिवेचे झाले. पुढचा आक्षेप निराळ्या प्रकारचा आहे, आणि आमच्या मनाला तो अधिक लागतो. आयरिश लोक शॅमरॉक खात, असें सांगणारे हे इंग्रज साक्षीदार कोण? कॅम्पियन हा १५७१ चा. आयर्लंडांत त्याचें वास्तव्य कांहीं महिन्यांचें, तेंही मुख्यतः डब्लिनच्या आश्रयानें. दुसरा साक्षीदार एडमंड स्पेन्सर. ‘फेअरी क्वीन’चा कवि म्हणून आम्ही ज्याला पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांना शिकवीत आलों तोच हा. १५८० मध्यें लॉर्ड ग्रे या अधिकाऱ्याचा चिटणीस म्हणून तो आयर्लंडांत आला, आणि पुढें मन्स्टर प्रांतांत जप्त केलेल्या जमिनींतून त्याला जहागीर मिळाली. आयर्लंडच्या स्थितीवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५९६ च्या सुमाराचा, छापला गेला तो १६३३ सालीं. त्यांत शॅमरॉक येतो तो कोणत्या ठिकाणीं? डेस्मंडच्या बंडाचा मोड करतांना मन्स्टरमधील पिकें व गुरें नाहींशीं झालीं. त्यानंतरच्या दुष्काळाचें तेथें वर्णन आहे. रानांतून व दऱ्यांतून माणसें हातांवर सरपटत बाहेर येतात, पाय त्यांचा भार घेत नाहींत. मेलेलीं जनावरें मिळतील तेथें तीं खातात, आणि पाण्याकांठची भाजी किंवा शॅमरॉक यांचा एखादा तुकडा दिसला तर मेजवानीला जमावें तशीं त्यावर जमतात. हें वर्णन ज्यानें एकदां वाचलें आहे तो तें विसरूं शकत नाहीं. आणि स्पेन्सर तें कशासाठीं देतो? दया यावी म्हणून नव्हे. देश लवकर वठणीवर आणण्याचा उपाय कसा लागू पडतो याचा दाखला म्हणून.

तिसरा फाइन्स मॉरिसन. आंबट चवीचा उल्लेख याचाच, १६१७ सालच्या ग्रंथांतला. तो म्हणतो कीं इकडून तिकडे पळतांना, पाठलाग होत असतांना, हे लोक जनावरांप्रमाणें चरांतून शॅमरॉक ओरबाडून खातात. पाठलाग कोण करीत होतें? मॉरिसन हा लॉर्ड माउंटजॉयचा चिटणीस, आणि माउंटजॉयची फौज उभीं पिकें जाळीत त्या काळांत देशभर फिरत होती. म्हणजे पाठलाग करणाऱ्याच्या छावणींत बसून पळणाऱ्याच्या आहाराची ही नोंद झालेली आहे!

या उताऱ्यांवरून बिचेनो काय काढतो? आयरिश लोकांची एक खाद्यरुचि. दुष्काळांत माणसानें तोंडांत जें घातलें तें त्याची पाककला म्हणून नमूद करणें हा पुराव्याचा दुरुपयोग आहे. आपल्याकडे दुष्काळांत लोकांनीं झाडपाला व कंद खाल्ल्याच्या आठवणी पुष्कळ घरांत आहेत. तेवढ्यावरून एखाद्यानें महाराष्ट्राचें आवडतें अन्न ठरविलें तर आम्ही त्याला काय म्हणूं? उपाशी माणूस आंबट कीं तुरट याची निवड करीत बसत नाहीं. चव पाहून जाति ठरविण्याचा मार्ग येथें मुळांतच बंद आहे. बिचेनो दुष्ट नव्हता. पण त्यानें वाक्यांतला शब्द उचलला आणि वाक्य तेथेंच टाकलें. असला टीकाकार आपल्या ओळखीचा आहे; वेदांतल्या सोमवल्लीच्या वादांतही तो भेटतो.

ज्यानें स्वतः पाहिलें नाहीं त्याच्या हातीं हेच उतारे पडले म्हणजे काय होतें याचा मासला खुद्द लिनियसनें पुरविला आहे. लॅपलंडच्या वनस्पतींवरील १७३७ च्या ग्रंथांत तो लिहितो कीं आयरिश लोक आपल्या ‘शॅम्ब्रॉक’वर, म्हणजे तांबड्या क्लोव्हरवर, पोसतात व त्यामुळें चपळ व बळकट असतात. दुष्काळांतल्या सांपळ्यांपासून चपळ व बळकट गड्यांपर्यंत हा प्रवास कसा झाला, कोण जाणे! पण नांव लिनियसचें.

याच्या उलट ज्यांनीं तेथें जाऊन विचारलें त्यांची साक्ष पाहावी. वेल्श भाषापंडित एडवर्ड लॉइड १६९९ सालीं आयर्लंडांत होता. आयरिश भाषा शिकण्याची त्याची खटपट चाललेली होती, आणि त्यानें एका मित्राला साध्या शब्दांत कळविलें कीं यांचा शॅमरॉक म्हणजे आपला नेहमींचा क्लोव्हर. डॉक्टर केलेब थ्रेलकेल्ड हा जन्मानें इंग्रज, पण डब्लिनमध्यें स्थायिक झालेला वैद्य व धर्मोपदेशक. त्याचा आयरिश वनस्पतींवरचा ग्रंथ १७२६ सालीं निघाला, व त्यांत त्यानें आयरिश नांवें कळजीपूर्वक दिलीं. शॅमरॉक म्हणून तो पांढऱ्या क्लोव्हरकडे बोट दाखवितो. १७ मार्चला लोक तो टोपीला लावून मिरवितात, संत पॅट्रिकनें त्याच्या तीन दलांवरून ईश्वराचें त्रैक्य समजावून दिलें अशी आख्यायिका आहे, आणि त्या दिवशीं मद्यपान फार होतें, अशी तक्रारही करतो. तक्रार करणारा साक्षीदार आम्हांस नेहमीं विश्वासार्ह वाटतो. त्यानें निदान रस्त्यावर उतरून पाहिलेलें असतें.

आख्यायिकेविषयीं दोन शब्द. एका देंठावरचीं तीन दलें दाखवून त्रिमूर्तीचा बोध करणें ही कल्पना बेलाचें पान हातांत घेतलेल्या आमच्या वाचकांस नवी वाटणार नाहीं. परंतु पॅट्रिक हा पांचव्या शतकांतला. त्याच्या स्वतःच्या लॅटिन लेखांत शॅमरॉकचा शब्दही नाहीं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील तांब्याच्या नाण्यांवर तो हातांत त्रिदल घेतलेला दिसतो, आणि छापील ग्रंथांत ही कथा सांगणारा पहिला थ्रेलकेल्डच. तेव्हां पॅट्रिकनें कोणतें पान खुडलें, हा प्रश्न ज्यांना सोडवावयाचा असेल त्यांनीं सोडवावा.

वादाला शेतांत नेण्याचें श्रेय नॅथॅनिएल कोल्गन या हौशी वनस्पतिज्ञाला आहे. अडचण अशी होती कीं शॅमरॉक खुडतात तो मार्चच्या मध्याला. त्या वेळीं कोणत्याही क्लोव्हरला फूल नसतें. आणि वर सांगितलेलीं चिन्हें बहुतेक फुलाशेंगांचीं. पानांवर भांडत बसण्यापेक्षां कोल्गननें सोपी तोड काढली. त्यानें १८९२ व १८९३ या दोन वर्षीं आयर्लंडच्या निरनिराळ्या परगण्यांतील लोकांकडून, ते ज्याला खरा शॅमरॉक समजतात त्याचीं रोपें मुळांसकट मागविलीं, लाविलीं, आणि फुलें येईपर्यंत तो स्वस्थ बसला. फुलें आल्यावर पाहतां निम्म्याहून किंचित् अधिक रोपें बारीक पिवळ्या क्लोव्हरचीं निघालीं, सुमारें एकतृतीयांश पांढऱ्या क्लोव्हरचीं, आणि थोडीं तांबडा क्लोव्हर व काळा मेडिक यांचीं. जवळजवळ शंभर वर्षांनीं, १९८८ सालीं, चार्ल्स नेल्सननें हाच प्रयोग पुन्हा केला. पिवळा ४६ टक्के, पांढरा ३५ टक्के. एका शतकांत दोन युद्धें, एक स्वातंत्र्य आणि शेतीची सारी पद्धति बदलून गेली. लोकांची निवड मात्र होती तेथेंच राहिली. बिचेनोची वुड सॉरेल या दुसऱ्या प्रयोगांत शेंकडा पांचाच्या आसपास दिसली.

कोल्गनच्या रीतीचें आम्ही मनापासून कौतुक करतों. पण त्याच्या लेखाच्या शीर्षकांतला संकल्प, शॅमरॉकची जाति कायम करण्याचा, आम्हांस मान्य होत नाहीं. निम्म्या लोकांनीं एक पान पाठविलें म्हणून उरलेल्या निम्म्यांचें पान खोटें कसें? ज्या शेतकऱ्यानें पांढरा क्लोव्हर पाठविला त्याच्या बापानेंही तोच टोपीला लाविला होता. शॅमरोग या शब्दाचा अर्थ ‘छोटा क्लोव्हर’. वसंताच्या आरंभीं कुरणांत जो जो क्लोव्हर छोटा असेल तो तो त्या शब्दाचा विषय. लोकांच्या शब्दाला शास्त्राच्या एकाच जातीशीं बांधण्याचा हट्ट धरल्यास शब्दही तुटतो आणि शास्त्राचाही फायदा होत नाहीं. ब्राह्मी मागितली असतां कोणी मंडूकपर्णी देतो, कोणी जलब्राह्मी; वैद्यांनीं त्यांच्या गुणांचा भेद अवश्य सांगावा, पण आजीच्या तेलांतली ब्राह्मी खोटी होती असा निकाल देण्याचा अधिकार त्यांना नाहीं.

राहतां राहिली ती ‘देशी असेल तेंच आपलें’ ही समजूत. बिचेनोच्या निबंधाचें खरें बळ त्या समजुतींत होतें, म्हणून तो इतकीं वर्षें वाचला गेला. पण मिरची व बटाटा हीं दोन्हीं समुद्रापलीकडून आलीं. मिरचीच्या ठेच्याशिवाय भाकरी आपली वाटत नाहीं, आणि उपासाच्या ताटांतही बटाट्याला मज्जाव नाहीं. क्लोव्हर खरोखरच सतराव्या शतकांत आला असता तरी तो शॅमरॉक होण्याच्या आड कांहीं येत नव्हतें. लोकांनीं तो टोपीला लाविला, एवढें त्याला पुरे होतें. बिचेनोनें वनस्पतीचें जन्मस्थान शोधलें. लोकांची टोपी पाहण्याचें त्याच्या मनांत आलें नाहीं. पुढें १८४३ पासून तो टास्मानियांत सरकारी चिटणीस होता व १८५१ सालीं होबार्ट येथें वारला. ऑस्ट्रेलियाच्या त्या सगळ्या भूभागांत क्लोव्हरची एकही देशी जाति नाहीं. तेथें उगवणारा प्रत्येक क्लोव्हर परका. आयर्लंडांतून तेथें पाठविलेल्या हजारों कैद्यांनीं आणि वसाहतवाल्यांनीं १७ मार्चला काय खुडलें असेल, याची चौकशी त्यानें केली असती तर बरें झालें असतें.

आतां आमच्या कोशकारांसाठीं व पाठ्यपुस्तकांचे टीपाकार यांच्यासाठीं एक सूचना. शॅमरॉक या शब्दाखालीं ‘तीन पानांची आयरिश वनस्पति’ असें न लिहितां ‘कुरणांतला लहान क्लोव्हर, बहुधा बारीक पिवळा किंवा पांढरा’ असें लिहावें. वुड सॉरेलचा उल्लेख करावयाचा असेल तर तो बिचेनोचें मत म्हणून करावा, आणि तिला मराठींत आंबुटीची बहीण म्हणावें, क्लोव्हर म्हणूं नये. स्पेन्सरच्या उताऱ्यावर टीप देतांना मात्र वनस्पतीचें नांव एका ओळींत उरकून, डेस्मंडचें बंड आणि १५८२ च्या आसपासचा मन्स्टरचा दुष्काळ यांना उरलेली जागा द्यावी.